पॅनमन आदिनाथची भोगी

समजा, तुम्हाला साखर शिजवायची आहे. घरच्या पातेल्यात नव्हे, तर कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी पॅनमध्ये. आत चाळीस टन पाक. आतली हवा काढून घेतलेली, त्यामुळे पाक पासष्ट अंशांनाच उकळतो. समोर बशीएवढी काच आणि काचेमागं तपकिरी अंधार. तुम्ही दांडी आत घालायची, फिरवून बाहेर ओढायची, टोकाला आलेला पाक काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरायचा. मग अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यात एक थेंब घेऊन बोटं सावकाश उघडायची. तार किती लांबते, कुठं तुटते, दाणा टोचतो की निसटतो ते बघायचं. दोन मिनिटं इकडंतिकडं झाली की चांगल्या दाण्यांच्या मध्ये पिठासारखा खोटा दाणा धरतो आणि सगळा पॅन नासतो. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं आहे. बोटांत मात्र ते कुणी घालून देत नाही.

आदिनाथच्या बोटांत ते होतं. कोपरगाव तालुक्यातल्या आपल्या गावाजवळच्याच कारखान्यात तो एकोणिसाव्या वर्षी पॅनवर लागला आणि बावीस हंगाम तिथंच उभा राहिला. मग पॅनला कॉम्प्युटर बसला. सहा पॅनमनांची गरज दोघांवर आली आणि आदिनाथला वजनकाट्यावर ट्रॅक्टरचे नंबर लिहायला बसवलं. त्यानं अठरा दिवस नंबर लिहिले. एकोणिसाव्या दिवशी एका जुन्या केमिस्टचा फोन आला. नेपाळात, सोनौलीच्या सीमेपलीकडं एक कारखाना होता. "इथं अजून बोटांवरच चालतं, आदिनाथ. येतोस?" आदिनाथनं उभ्याउभ्याच हो म्हटलं, दुपारी तिकीट काढलं आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं.

त्याला आता पाच हंगाम झाले होते.

गावात नेपाळला कुणी परदेश मानत नाही. पासपोर्ट लागत नाही, विमान लागत नाही, मग कसला परदेश? दरवर्षी आषाढात पंधरा दिवस आदिनाथ घरी येई, तेव्हा पारावर बसलेला पुंजाराम त्याला हटकून टोचायचा. हा पुंजाराम त्याच्याच जुन्या कारखान्यातून रिटायर झालेला फिटर. "आदिनाथ, दुबईचा माणूस आला की सेंटचा वास येतो बघ. तू आला की आपला मळीचाच." लोक हसत. कुणी रुद्राक्ष मागे, कुणी जर्किन. तिकडं कसं वाटतं, हे मात्र कुणी विचारत नसे.

तसं तिकडं वाईट काही नव्हतं. माणसं भली होती. पॅनवर हाताखाली असलेला रामप्रीत त्याला 'उस्तादजी' म्हणे, घरून डबा आणी. पण भात खाऊन आदिनाथचं पोट भरे आणि जेवल्यासारखं वाटत नसे. पहिल्या वर्षी त्यानं आठ किलो बाजरीचं पीठ नेलं. बाजरीचं पीठ तीन आठवड्यांत कडू होतं, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगायची गरज नाही. तरी त्यानं पीठच नेलं, कारण तिकडं बाजरी दळून कोण देणार? महिनाभरानं भाकरी तोंडात धरवेना. त्यानं पीठ फेकलं नाही. गुळाचा खडा तोंडात धरून तो ती कडू भाकरी संपेपर्यंत खात राहिला. दुसऱ्या वर्षी दाणे नेले. तिथल्या गिरणीवाल्यानं ओंजळीत घेऊन विचारलं, हे कोणत्या पाखरांना घालता? दळून दिली ती रव्यासारखी जाड. तिची भाकरी थापायला घेतली की परातीतच तिचे चार देश व्हायचे.

बाजरी निदान नेता तरी येत होती. बाकीचं काय करणार? सकाळच्या एसटीचा कंडक्टर दार आपटून "सरका की पुढं, आत काय भिताडंय का?" म्हणतो, ते कशात बांधून नेणार? कुणीतरी रस्त्यात "काय, जेवले का?" म्हणून उत्तराची वाट न बघता पुढं जातं, ते? आणि शिवी. शिवीसुद्धा आपल्या भाषेतलीच लागते. हिंदीत खाल्लेली शिवी अंगाला लागत नाही, आणि दिलेली तर कुणालाच लागत नाही. सगळ्यात जास्त त्याला आठवे ती भोगी. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची ती तीळ लावलेली भाकरी, हरभऱ्याचे सोलाणे, वांगी, गाजर, वालाच्या शेंगा घातलेली मिसळीची भाजी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणतात. भोगी येते ऐन हंगामात, तेव्हा पॅन सोडता येत नसे. पाच भोग्या त्याच्या हुकल्या होत्या.

या जानेवारीत मात्र तो भांडून आठ दिवसांची रजा घेऊन आला. भोगी हे सांगायचं कारण होतं. खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. गावापासून जवळच, राहात्याला गूळपावडरीचा नवा कारखाना निघाला होता. तिथं पाक ओळखणारा माणूस हवा होता. मॅनेजरनं संक्रांतीच्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायला सांगितलं होतं. आदिनाथला हो म्हणायचं होतं. फक्त त्याआधी घरातल्या कुणाच्या तरी तोंडून त्याला "राहा आता" एवढं ऐकायचं होतं. नोकरीचं सांगून म्हणवून घेतलेलं 'राहा' त्याला नको होतं. आपणहून आलेलं हवं होतं.

भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी तो घरी पोचला. ताटात पोळ्या, पनीरची भाजी, शेवयांची खीर.

"भाकरी न्हाई का?" त्यानं विचारलं.

"आल्या आल्या भाकर?" पुष्पावती, त्याची बायको, हसली. "लोक म्हणतील नवरा एवढा लांबून आला आन् हिनं पुढ्यात भाकर टाकली. पाहुण्याला पोळीच वाढत्यात."

"मी पाहुणा व्हय?"

"पप्पा, बॅग बघा तुमची," बारावीतली स्नेहल म्हणाली. "अजून दारातच हाय. पाहुण्याचीच बॅग दारात असते."

सगळे हसले. आदिनाथही हसला. जेवण झाल्यावर बॅग आत न्यायला उठला, तर ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खोलीत आषाढात त्याची खाट होती तिथं आता दोन शिलाई मशिनी होत्या. त्याच्या कपाटात शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. पुष्पावतीच्या बचतगटानं दिवाळीपासून घरातच शिवणकाम सुरू केलंय हे त्याला फोनवरून माहीत होतं, पण फोनवर ऐकलेल्या गोष्टीला लांबी-रुंदी नसते. शेवटी बॅग आईच्या खाटेखाली गेली.

भोगीच्या सकाळी तो लवकर उठून बाजारात गेला. घासून घासून भाव केला, सोलाणे, गाजरं, वांगी, बोरं, सगळं पिशवी भरून आणलं. स्वयंपाकघरात पुष्पावती आणि गटातल्या चार बाया आधीच निवडत बसल्या होत्या. परातभर भाजी चिरून तयार होती.

"अहो, हे कशाला आणलं?" पुष्पावती म्हणाली. "कालच आणून ठेवलंय आमी. आता एवढ्याचं काय करायचं?"

"असू द्या, दाजी," छबूबाई नावाची एक बाई म्हणाली, "तुमच्या नेपाळला घेऊन जा!" आणि बायांमध्ये खसखस पिकली.

गेली चार वर्षं या बाया भोगी इथंच एकत्र करत होत्या. एकजण भाकरी थापे, एकजण भाजे, मग सगळ्याजणी एका पंगतीत बसून जेवत. त्याच्या पश्चात घरात एक रीत पडली होती, आणि त्या रीतीत पुरुषाचं पान नव्हतं. आदिनाथ ओट्यावर बसून राहिला. आतून हसण्याचे आवाज येत होते. बाया जेवून गेल्या तेव्हा अडीच वाजले होते.

पण भाकरी आली ती तव्यावरची. फुगलेली, तीळ खरपूस झालेले, वर लोण्याचा गोळा. पहिला घास त्यानं डोळे मिटून खाल्ला. पाच वर्षं हा घास असाच लागत असणार, असं तो स्वतःला सांगत आला होता, आणि तो अगदी तसाच लागला. दुसरा घास मोडला आणि फोन वाजला. व्हिडिओवर रामप्रीत होता, घामाघूम.

"उस्तादजी, जरा देखिए!" त्यानं काचेची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली.

आदिनाथनं भाकरी खाली ठेवली. "दिव्यासमोर... रोशनी के सामने पकड़. और नजदीक." क्षणभर बघून तो ओरडला, "खोटा दाना पकड़ लिया है! पाक बंद कर. पानी दे. पहले पानी दे!" वीस मिनिटं तो ताटावरून उठून अंगणात फेऱ्या मारत होता. पाणी किती, वाफ किती, पुन्हा पट्टी दाखव. शेवटी रामप्रीतचा चेहरा हसरा झाला. "आप नहीं होते तो गया था, उस्तादजी. कब आ रहे हैं?"

आदिनाथ आत आला. भाकरी गार होऊन चिवट झाली होती. आई, मनकर्णाबाई, भिंतीला टेकून सगळं बघत होती.

"तिकडं तुझ्यावाचून लई अडतं वाटतं," ती कौतुकानं म्हणाली.

"व्हय." मग त्यानं विचारलंच. "आन् इथं गं?"

म्हातारीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पयलं साल जड गेलं बाबा. खोटं कशाला बोलू. पुष्पा तुझं ताट वाढून ठेवायची आन् मग गाईला घालायची. आता सवय झाली समद्यांना. तू काळजी करू नगंस, आदी. आमचं काईसुदिक अडत न्हाई."

ती त्याला धीर देत होती. तेच जास्त लागलं. टोमणा असता तर त्यानं उलटून उत्तर दिलं असतं. धीराला काय उत्तर देणार?

संध्याकाळी पुष्पावती मशिनवर बसली होती. आदिनाथ समोर स्टुलावर बसला आणि ज्या शब्दाची वाट बघत होता तो येत नाही असं दिसल्यावर त्यानं राहात्याच्या कारखान्याचं सगळं सांगून टाकलं. मशिन थांबलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. तू सांग. येऊ का?"

"मी सांगू?" तिनं सुईतला दोरा तोडला. "जाताना इचारलं व्हतं का मला? त्या दिवशी मी पीठ मळत व्हते. तुमी दारात उभं राहून म्हणाले, तिकीट काढलंय. चप्पलसुद्धा काढली नव्हती. आता यायला बरी माझी सही लागती तुमाला?"

"तवाची गोष्ट येगळी व्हती, पुष्पे. काट्यावर बसून नंबर लिहायचे म्हंजे..."

"लिहिले असते नंबर, तर काय हात झडले असते?"

बावीस वर्षं पॅनवर उभ्या माणसाला वजनकाट्यावर बसवणं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगायला पाच वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ होती. ती त्यानं तिकीट दाखवण्यात घालवली होती.

"पयल्या साली मी रोज म्हणायचे, या," पुष्पावती पुढं म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "फोनवर न्हाई, मनात. तवा आला असता, तर मी वाट बघत बसलेली सापडले असते. आता या, न्हाईतर नका येऊ. मी दोन्हीत बसवून घीन. रागानं न्हाई सांगत, खरं हाय ते सांगते."

आणि तिनं मशिन सुरू केलं. गणवेश सकाळी द्यायचे होते.

संक्रांतीला मॅनेजरचा फोन दोनदा वाजला. पहिल्यांदा त्यानं वाजू दिला. दुसऱ्यांदा उचलून सांगितलं, "जमणार न्हाई साहेब, तिकडं हंगाम अर्ध्यावर हाय." असं का म्हटलं, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. ज्या घरात आपल्याला बसवून घ्यावं लागतं तिथं परतण्यापेक्षा, जिथं आपल्यावाचून पॅन नासतो तिथं जावं, असं काहीतरी असेल. की पुन्हा तेच झालं? या वेळीही शेवटचं उत्तर त्यानं घरात कुणाला न सांगताच देऊन टाकलं होतं.

रजा तीन दिवस शिल्लक असताना तो निघाला. थांबा, असं कुणी म्हटलं नाही. असा मधेच का निघालास, असंही कुणी विचारलं नाही. हंगाम म्हटल्यावर साखरेच्या गावात सगळ्यांना सगळं समजतं. पुष्पावतीनं चिवडा दिला, आईनं तिळाच्या वड्या. स्नेहल त्याला स्कूटीवरून स्टेशनला सोडायला आली.

गाडीला दहा मिनिटं होती. प्लॅटफॉर्मवर उभं राहून त्यानं पोरीला विचारलं, "स्नेहल, मला तिकडं इथलं लई काय काय आठवतं. एसटीचं दार आपटल्याचा आवाजसुद्धा. तुमाला कधी माझं काय आठवतं का गं? मोठं काही न्हाई. एखादी वस्तू, एखादा वास, काही करायची पद्धत. कशावरनं तरी?"

स्नेहल खरंच विचार करू लागली. कपाळाला आठ्या घालून ती रुळांकडं बघत राहिली. खोटं पटकन बोलता आलं असतं, पण पोरगी त्याच्यासारखीच होती, पारखल्याशिवाय बोलायची नाही. गाडी आली.

"मी आठवून सांगते, पप्पा," ती म्हणाली. "फोन करते."

तिचा फोन दर रविवारी येतो. परीक्षेचं सांगते, आजीच्या गुडघ्याचं सांगते, मम्मीला नवी ऑर्डर मिळाली ते सांगते. आदिनाथ पॅनसमोरच्या रेलिंगला टेकून सगळं ऐकतो, हं हं करतो. तिला पुन्हा विचारायला त्याची जीभ रेटत नाही. फोन ठेवला की तो दांडी ओढतो, पट्टी दिव्यासमोर धरतो, आणि काचेवरच्या दाण्यांकडं बघता बघता तोच प्रश्न परत येतो: आपण नसलो की त्या घरात नेमकं काय कमी पडतं?