विनानोटीस आलेली भरती

समुद्राविरुद्ध लेखी तक्रार करणारा जुन्नर तालुक्यातला मी पहिलाच इसम असावा. (दुसरा कोणी असल्यास त्याने पुराव्यासह कळवावे.)

तालुक्याच्या कोर्टात बत्तीस वर्षे कारकुनी करून मी पिंपळवंडीला शेतीवर परतलो, तेव्हा माझ्यापाशी दोनच गोष्टी मुबलक होत्या: टपालाची तिकिटे आणि संताप. एस.टी. उशिरा आली, एक अर्ज. विजेचा खांब कलला, एक अर्ज. आणि चावडीवर आगाऊ नोटीस न लावता पाटाला पाणी सोडले, तर तीन अर्ज. कारण त्या खात्यात वरपर्यंत तीन साहेब होते. पाणी म्हणजे कोणीतरी सोडलेले पाणी, आणि सोडायचे तर आधी नोटीस लागलीच पाहिजे, हे माझ्या अंगात इतके भिनले होते, की पुढचे सारे महाभारत त्यातूनच घडले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या मुलीचा, सुशीलेचा, साखरपुडा महाळुंगे पडवळच्या बबनरावांच्या मुलाशी नुकताच झाला होता आणि लग्न दिवाळीनंतर धरले होते. मे महिन्यात आमच्या मुलाने, विलासने, टूम काढली, की उन्हाळा आहे, समुद्र पाहून येऊ. आमच्या घरात तोवर समुद्र कोणीही पाहिलेला नव्हता. वाहनाचा प्रश्न निघाला, तसे बबनराव स्वतःहून म्हणाले,

"आपली नवी जीप न्या की पावणं! आता जीप काय आन् पोरगा काय, तुमचंच हाय."

शहाण्या माणसाने किल्ली घेऊन नमस्कार केला असता. मी पिशवीतून स्टँपपेपर काढला.

"ह्ये काय वो?"

"हमीपत्र."

"आवो, जीप देतोय मी, जमीन न्हाई!"

"बबनराव, नात्यात कागद असला की नाते टिकते," मी म्हणालो आणि खणखणीत आवाजात मजकूर वाचून दाखवला: 'सदर जीप ज्या स्थितीत ताब्यात घेतली, त्याच स्थितीत परत करीन. तसे न घडल्यास व्याही देतील तो निर्णय, कोणत्याही बाबतीतला असो, मजवर बंधनकारक राहील.' साक्षीदार दोन: त्यांचा गडी आणि गावचा पोस्टमन. (तो माझेच पत्र घेऊन आला होता.)

बबनरावांनी कागद घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाले, "मंग आमच्या मंडळींनाबी घिऊन जा. तिनंबी समिंदर पायला न्हाई."

अशा रीतीने विहीणबाई पुढच्या सीटवर आल्या. (सुशीला घर सांभाळायला थांबली.) नऊवारी लुगडे, कपाळावर रुपयाएवढे कुंकू आणि घाट उतरेपर्यंत तोंडातून एक अक्षर नाही. मागे बसलेल्या माझी खात्री झाली, की बबनरावांनी जीपवर निरीक्षक नेमला आहे.

ते शहर कोकणातले, जुन्या बंदराचे, समुद्रात किल्ला असलेले. नाव मी मुद्दाम देत नाही. त्यांच्या दप्तरी हे प्रकरण अजून उघडे असण्याची शक्यता आहे. शहराच्या वेशीवरच एका टेबलावर पत्रके वाटत होते: 'उन्हाळ्यात आमच्या शहरात काय पाहाल?' खाली अकरा बाबी, अनुक्रमांकासह. मी ते पत्रक दोनदा वाचले आणि जाहीर केले, की पाहायचे ते अनुक्रमांकाप्रमाणेच पाहायचे.

"अण्णा," विलास म्हणाला, "एक नंबरचं दीपगृह गावाच्या त्या टोकाला आहे, दोन नंबरचं देऊळ ह्या टोकाला, आन् तीन नंबरचं मत्स्यालय पुन्हा दीपगृहाशेजारी."

"छापणाऱ्याने काही विचार करूनच छापले असेल."

परिणामी आम्ही त्या शहराचा मुख्य रस्ता सकाळपासून तीन वेळा पाहिला. चौथ्या खेपेस कोपऱ्यावरचा सरबतवाला आम्हाला हात करू लागला. दीपगृह चार वाजल्याशिवाय उघडत नव्हते (पहिल्या अर्जाचा मजकूर मी तिथेच जुळवला), देवळाचा गाभारा नैवेद्यासाठी बंद झालेला होता, आणि मत्स्यालयात सौ. नी काचेतल्या माशाला विचारले, "ह्यांच्यासारखं तोंड कशाला करतोस रे?" विहीणबाई पदराआड हसल्या. निरीक्षकाच्या वर्तनात झालेली ही पहिली हालचाल.

अनुक्रमांक चार: समुद्रस्नान. मी धोतर सावरून, पंचा गुंडाळून, घाईघाईने तीन बुचकळ्या मारल्या आणि कानात अर्धा शेर वाळू घेऊन बाहेर आलो. सौ. नी ओला पंचा पिळून जवळच्या एका लोखंडी खांबावर बसवलेल्या पत्र्यावर पसरला. पर्यटकांचे कपडे वाळत घालण्याची अशी सोय केलेली पाहून मला बरे वाटले. (कोणत्याही नगरपालिकेचे मी केलेले हे एकमेव कौतुक. सुदैवाने ते मनातल्या मनात होते.)

अनुक्रमांक पाच: सागरी किल्ला, 'ओहोटीच्या वेळी पायी जाता येते.' ओहोटी होतीच. विहीणबाईंना उन्हात फार चालणे नको म्हणून मी जीप त्या खांबाच्याही पुढे, ओल्या वाळूवर, अगदी किल्ल्याच्या वाटेपर्यंत आणवली. विलासने खांबाजवळ मागे उभे राहून आमचा फोटो काढला: मी, सौ., विहीणबाई, जीप आणि मागे किल्ला. तेवढ्यात एक शहाळेवाला ओरडत आला.

"ओ काका! गाडी वर घ्या, वर!"

"कोणत्या नियमान्वये?"

"नियम कसला? पाणी येईल इथं!"

"नोटीस कुठे लागली आहे?"

"रोज येतं ओ!"

"हे पाहा," मी शांतपणे म्हणालो, "आम्ही आल्यापासून पाणी सारखे मागे मागेच चालले आहे. म्हणजे सोडलेल्या पाण्याचे आवर्तन संपत आले आहे. पाटाच्या पाण्याशी माझा जन्मापासूनचा संबंध आहे. तुम्ही शहाळी विका."

त्याने कपाळावर हात मारला. मी त्याकडे दुर्लक्ष केले. साक्षीदाराने भावनाविवश होऊ नये.

किल्ला उत्तम आहे. मी तटाची लांबी पावलांनी मोजून पत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहत होतो (फरक आढळला, दुसऱ्या अर्जात नमूद केला), तेवढ्यात बुरुजावरून विलासची हाक आली.

"अण्णा... आपली जीप समुद्रात निघाली!"

मी धावत वर गेलो. जिथून आम्ही कोरड्या पायांनी आलो होतो, तिथे आता लाटा होत्या. आणि पलीकडे, किनाऱ्यापासून बरीच आत, बबनरावांची पांढरीशुभ्र जीप, आरशाला लिंबू-मिरची बांधलेली, चाकाच्या निम्म्यापर्यंत पाण्यात उभी होती!

"पाणी कोणी सोडले?" मी गरजलो.

खाली होडी लावून बसलेल्या होडीवाल्याने मान वर केली. "कोणी सोडलं म्हंजे? भरती आली, काका!"

"विनानोटीस?"

सौ. कपाळ धरून बुरुजाच्या पायरीवर बसल्या. "करा आता अर्ज! चांगला तीन प्रतींत करा!"

विहीणबाईंनी तोवर जीपकडे टक लावली होती. त्या दिवशीचे पहिले सलग वाक्य त्यांनी तेव्हा उच्चारले.

"त्या जीपचं आजून पेढंबी वाटायचं ऱ्हायल्यात वो." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, त्या कागदावर काय लिवलं व्हतं तुमी?"

मला मजकूर पाठ होता, हे माझे दुर्दैव. "'व्याही देतील तो निर्णय, कोणत्याही बाबतीतला असो...'"

"कोणत्याबी बाबतीतला?" सौ. उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे लग्नाच्यासुद्धा? असं कोणी लिहून देतं?"

मसुदा माझाच होता. त्यात पळवाट ठेवू नये, असा माझा शिरस्ता. माझ्या डोळ्यांपुढे आता जीप नव्हती. सुशीलेचा मांडव एकेक खांब करून पाण्यात जात होता.

होडीने आम्हाला पलीकडे उतरवले. पाणी दाराच्या पायरीशी आले होते. विलासने जीप चालू केली. चाके जागच्या जागी फिरली आणि वीतभर आणखी खाली गेली. शहाळेवाला छातीवर हात बांधून उभा होता. "आवर्तन संपलं का, काका?" असे त्याने विचारल्याचे मला स्पष्ट ऐकू आले, परंतु ती वेळ उत्तर देण्याची नव्हती.

जवळच एक म्हातारबाबा बैलगाडीत जाळी भरत होते. विलासने त्यांना गळ घातली. बैल जुंपले, जाळ्याचा जाड दोर जीपला बांधला. म्हातारबाबांनी हाळी दिली, चाबूक उगारला. बैलांनी दोन पावले टाकली, लाट अंगावर आली आणि ते जे थबकले ते थबकलेच.

"जोर लावा! डावीकडून! कोन चुकतो आहे!" मी काठावरून मार्गदर्शन करीत होतो.

"भाऊ, तुमी वाईच गप ऱ्हावा," असे म्हणून विहीणबाईंनी लुगड्याचा ओचा खोचला आणि त्या सरळ पाण्यात शिरल्या!

"आवो बाई, मारकं हाय डावं!" म्हातारबाबा ओरडले.

"मारकंच लागतंय. आन् तुमी चाबूक टाका आदी. मारून का कुटं बैल पळतंय?"

एक गोष्ट मी विसरलो होतो. आमच्या भागात यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा पळतो, आणि बबनरावांच्या दावणीच्या बैलांची बारी, म्हणजे त्यांची धाव, बघायला माणसे झाडावर चढून बसतात. त्या दावणीचा चारापाणी, मालिश, लाडकोड सारे वीस वर्षे या माउलीच्या हातचे. त्यांनी दोन्ही बैलांच्या वशिंडावरून हात फिरवला, कानाशी काहीतरी पुटपुटल्या, कासरा हाती घेतला आणि लाट मागे सरताच असा आवाज काढला, की मत्स्यालयातले मासेदेखील दचकले असतील.

"उचल रंऽऽ माज्या राजाऽऽ! भिर्रर्रर्र!"

बैल उधळले. दोर ताणला. जीप एकदा कण्हली, आणि वाळूतून उपटून अशी बाहेर आली, की स्टिअरिंगवरचा विलास, पाठीमागून धावणारे म्हातारबाबा आणि मधे आलेला मी, तिघेही एकाच दिशेने सुसाट सुटलो. सगळा किनारा टाळ्या वाजवीत होता. पत्रकात नसलेली ही बारावी बाब पर्यटकांना सर्वाधिक आवडली, असे माझे निरीक्षण आहे.

परतीच्या वाटेवर विहीणबाई घाटापासून महाळुंग्यापर्यंत बोलत होत्या. त्यांचे हसणे थांबत नव्हते. मी मात्र मागे बसून सीटखालून एकेक खेकडा बाहेर टाकीत होतो.

बबनरावांनी जीपभोवती एक फेरी मारली. पत्र्यावर मिठाची रांगोळी, चाकात शेवाळ. त्यांनी टोपीतून माझे हमीपत्र काढले, वाचले, पुन्हा टोपीत ठेवले.

"निर्णय?" मी विचारले.

"इचार करून सांगतो, पावणं."

निकाल राखून ठेवला! बत्तीस वर्षे मी पक्षकारांना हे वाक्य ऐकवले होते. ते ऐकून घेणे काय असते, हे मला त्या दिवशी कळले. सुशीला चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, तेव्हा एवढेच म्हणाली, "अण्णा, आता काही लिहू नका."

पण दोष माझा नसून नोटीस न लावणाऱ्यांचा आहे, हे बबनरावांपुढे शाबीत करणे मला भाग होते. मी त्या नगरपालिकेस सात पानी अर्ज धाडला. 'भरतीची आगाऊ सूचना नाही, मनाईचा फलक नाही, सबब जागोजागी फलक लावण्यात यावेत.' पुराव्यादाखल विलासने काढलेला फोटो जोडला. आणि तळाशी, सवयीने: 'प्रत माहितीसाठी: व्याही, मुक्काम महाळुंगे पडवळ.'

उत्तर महिनाभराने आले. चार ओळींचे होते.

'आपला अर्ज मिळाला. आपण जोडलेल्या छायाचित्रात डाव्या बाजूस ज्यावर पंचा वाळत घातलेला दिसतो, तोच सदर फलक होय. पंच्याच्या काठाखाली उघडी राहिलेली "वाहने लावू नयेत" ही अक्षरे भिंगाशिवाय वाचता येतात. प्रकरण निकाली. प्रत माहितीसाठी: व्याही, मुक्काम महाळुंगे पडवळ.'

मी भिंग घेतले नाही. खरेच गरज नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती जीप आमच्या दारात उभी राहिली. बबनराव ओट्यावर बसले, त्यांनी हमीपत्र मांडीवर उलगडले आणि ते इतके हसले, की टोपी पडली. डोळे पुसत ते म्हणाले,

"पावणं, जीप धुतली, झाली नवी. आमची मंडळी वीस वर्सांत येवडी हसली नव्हती, ते तुमच्यामुळं. पर कागद हाय, तवा निर्णय द्यावाच लागंल. ऐका. लगीन पार पडंस्तवर तुमी एकबी तक्रार करायची न्हाई. ना लेखी, ना तोंडी. मांडववाल्याची न्हाई, बँडवाल्याची न्हाई, जेवणाची न्हाई. कुणाचीच न्हाई!"

"ही शिक्षा फार कडक आहे," मी म्हणालो.

"ही तक्रार हाय का?"

आतून सुशीलेच्या हसण्याचा आवाज आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

लग्न थाटात झाले. बँड दीड तास उशिरा आला. मी ओठ चावले. वरणात मीठ नव्हते. मी दोनदा वाढून घेतले. आणि महाळुंग्याच्या मांडवाच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, गुलाबी रंगाने रंगवलेला भला मोठा फलक उभा होता: 'येथे पंचे वाळत घालू नयेत.'

आयुष्यभर अर्ज करून माझ्या अर्जावरून लागलेला हा पहिलाच फलक. आणि त्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क मी माझ्याच सहीने, दोन साक्षीदारांसमक्ष, घालवून बसलो होतो!