उजव्या अंगाची शिलाई

दादांच्या बोटांच्या पेरांवर खळ वाळलेली असे... मैद्याच्या त्या खळीत वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घालत, त्यामुळे तिचे पापुद्रे फिकट निळे दिसत, आणि माझे वडील जेवायला बसण्याआधी ते एकेक करून नखानं सोलत बसत. खळीचा आंबूस वास, जुन्या कागदाचा कुबट वास, मेण चोळलेल्या दोऱ्याचा वास – माझ्या बालपणाला दुसरा वास नाही. आमच्या खोलीत एकही पुस्तक नव्हतं, तेव्हाही पुस्तकांचा वास होता.

आम्ही मराठवाड्यातून हैदराबादेत आलेले. दादा नामपल्लीच्या एका गल्लीत जिल्दसाजाकडे, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्याकडे, कामाला होते. तिथं येत ती बहुतेक उर्दू पुस्तकं. पानं कुरतडलेली, पुठ्ठे गळालेली. दादा ती उसवत, झटकत, दाभणानं नव्यानं शिवत. कितीतरी मरायला टेकलेली पुस्तकं त्यांनी उठवून बसवली. मात्र त्यांतलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं – उर्दूचं नाही, मराठीचं नाही.

मी मराठी शाळेत नववीत गेले, त्या वर्षी माझ्याकडून अक्षरं शिकायला त्यांनी पाटी आणली. दुकानाला शुक्रवारी सुट्टी. मी शाळेतून येईपर्यंत ते दारात, उजेडाच्या बाजूला, पाटी मांडीवर घेऊन बसलेले असत.

"पोरगी साहेब होणार, का तुमी?" आई स्टोव्हला पंप मारता मारता टोमणा मारी.

"म्या कशाला साहेब होतो? इतकी वर्सं किताबांचं अंगडं शिवलं. एकदा पोटात काय हाय ते बघू तर दे."

थंडी पडेपर्यंत त्यांना स्वतःचं नाव वाचता येऊ लागलं. लिहिताना मात्र दाभण सराईतपणे धरणारा तो हात पेन्सिलीला बिचके.

त्याच सुमारास इतिहासाच्या पुस्तकात युरोपच्या मध्ययुगाचा आणि प्रबोधनकाळाचा धडा आला. मी तो दादांना मोठ्यानं वाचून दाखवला... मठांतून साखळीनं बांधून ठेवलेले ग्रंथ, वाचू शकणारी मोजकी माणसं, बाकीच्यांच्या वाट्याचा अंधार. आणि मग विस्मृतीत गेलेली विद्या पुन्हा उजेडात येणं, चित्रं, शिल्पं, छापखाना. दादा डोळे मिटून ऐकत होते. धडा संपल्यावर म्हणाले, "जुनी किताबं सापडली म्हणती. ती इतक्या वर्सांची, खिळखिळी झाली असतील. मग ती बांधली कोणी?"

मी धडा पुन्हा चाळला. बांधणाऱ्यांचा त्यात उल्लेख नव्हता.

माझं ते पुस्तकही जुनं घेतलेलं, मुखपृष्ठ नसलेलं. शेवटी त्याची शिलाईच गेली आणि पानं सुटी झाली. एका शुक्रवारी दादांनी ती गोळा केली, ठोकून सारखी केली, दोऱ्याला मेण लावलं. दुकानात कुठलं पुस्तक कसं शिवायचं ते उस्ताद, म्हणजे दुकानाचे मालक, सांगत. घरी सांगणारी मी होते.

"माय, शिलाई कोणत्या अंगाला घालू?"

मी पाठांतर करत होते. मान वर न करता म्हणाले, "घाला की नेहमीसारखी."

त्यांनी नेहमीसारखी घातली. उर्दू पुस्तकाची शिलाई उजव्या अंगाला असते, मराठीची डाव्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझं तपकिरी कापडाचं देखणं पुस्तक ऐटीत उघडलं, तर शेवटचं पान पुढे आलं. इतिहासाच्या बाई शहरातल्या जुन्या, सरकारी नोकऱ्यांत मुरलेल्या घरातल्या. त्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. "अगं, तुझ्या पुस्तकात उजेड आधी आणि अंधार नंतर का? कोणी बांधलं हे?" वर्ग खिदळला.

"दुकानातून बांधून आणलं," मी म्हणाले. माझ्या वडिलांनी बांधलं, असं म्हणाले नाही.

घरी आल्यावर पुस्तक त्यांच्यासमोर आपटलं. "ज्याला अक्षर कळत नाही त्यानं पुस्तकाला हात लावू नये!"

दादांनी पुस्तक उचललं, बाहीनं पुसलं, फळीवर ठेवलं. "बराबर हाय, माय," एवढंच म्हणाले.

माझ्या आज्या-पणज्यांना हे वाक्य इतरांनी ऐकवलं होतं. आमच्या घरात ते पहिल्यांदा उच्चारलं ते मी – घरातल्या पहिल्या वाचणारीनं.

पुढच्या शुक्रवारी पाटी कोपऱ्यातच होती. मी हाक मारली. दादा म्हणाले, "तू वाच की. म्या ऐकतो." पाटीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

मी बी.ए. झाले. आमच्या सात पिढ्यांत पहिली. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते, लाजत नाही. पण पदवीचा कागद दादांपुढे धरला, तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. "खळ हाय हाताला," म्हणाले. त्यांचे हात कोरडे होते.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी हैदराबादेतच, कुकटपल्लीला राहते, नोकरी करते. माझा मुलगा तेलुगू फर्डं बोलतो, इंग्रजी वाचतो. मराठी घरात बोलतो, पण वाचता येत नाही. शिकवायचं राहून गेलं – नोकरी, घर, परीक्षा... कारणं पुष्कळ आहेत.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना त्याच्या हाती ते तपकिरी पुस्तक लागलं. "मम्मी, हे कुठून उघडायचं?"

या वेळी मी मान वर केली. हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसले. "उजव्या अंगानं," म्हटलं.

त्यानं उघडलं. मोरचुदाचा एक निळसर कण पानावरून घरंगळला. त्यानं थोडी पानं चाळली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू वाच ना. मी ऐकतो."

मी वाचायला घेतलं. शिलाई पक्की होती, एक टाका सुटला नव्हता. समोरच्या पानावरच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तिच्या आत गेला होता.