मेंदूबाई आणि पोहणारे उंदीर

समोरच्या दारावर पाटी चांगली लांबलचक डिग्र्यांची आहे, पण अख्खा मजला त्यांना मेंदूबाईच म्हणतो. आठवण मेंदूत कशी बसते, यावर त्यांचं संशोधन. हे कळल्यापासून शेजाऱ्यांनी नुसता उच्छाद मांडलाय.

"बाई, चष्मा कुठे ठेवला ते आठवायची गोळी आहे का हो?"

"डोक्यावर आहे, काका."

पण बाईंचा खरा संसार प्रयोगशाळेत, उंदरांबरोबर. तिथे एक गोल टाकी. पाणी दुधाच्या पावडरीने पांढरं केलेलं, आणि त्याखाली लपलेला एक छोटासा चौथरा. भिंतींवर ही मोठाली चित्रं. उंदराने चित्रांवरून जागा हेरायची, पोहत जाऊन चौथऱ्यावर चढायचं. काहींना भरपूर झोपू द्यायचं, काहींना जागवायचं. झोपलेले साहेब सरळ चौथऱ्यावर. जागलेले आपले गटांगळ्या खात फिरतायत. झोपेने जागेची आठवण पक्की होते, हे बाईंनी असं काही दाखवलं की प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी त्यांचं भाषण थेट परिषदेत ठेवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

आणि नेमका तेव्हाच एसी गळायला लागला.

बाई नेहमी चौथऱ्याच्या बाजूला टॉवेल घेऊन उभ्या राहायच्या. पोर बाहेर आलं की लगेच पुसायला! पण आता तिथे डोक्यावर टपटप. म्हणून त्या टाकीच्या पलीकडे गेल्या. उंदीर सोडला, तर पठ्ठ्या चौथऱ्याकडे पाठ करून थेट बाईंकडे.

"अरे, काल तर येत होतं ना तुला!" बाईंनी त्याला झापलं.

दुसराही तसाच. बाई आणखी बाजूला सरकल्या, तर तिसरा तिकडे वळला. मग मात्र बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. चित्रांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. बाई दिसल्या की टॉवेल, एवढंच त्यांचं पाठांतर.

घरी जेवताना त्यांनी सांगून टाकलं.

नवरा म्हणाला, "अगं, मग पुन्हा जुन्या जागी उभी राहा. कुणाला काय कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"भाषण जाईल हं."

सासूबाईंनी भात वाढता वाढता विचारलं, "म्हणजे उंदीर तुझ्याकडे बघून रस्ता ठरवतात?"

"हो, आई."

"कमाल आहे! इथे माझा मुलगा तू हाक मारलीस तरी बघत नाही."

नवऱ्याने भातात तोंड खुपसलं. बाई हसल्या खऱ्या, पण जेवल्या नाहीत.

सकाळी त्या मोठ्या सरांपुढे उभ्या राहिल्या. सगळं ऐकून सर खुर्चीत मागे रेलले. "आणखी कुणाला सांगितलंत?"

"फक्त घरी, सर."

"घरी कोण कोण असतं?"

"नवरा आणि सासूबाई."

"सासूबाई? मग झालंच." (सरांचा अंदाज चुकला नव्हता. भाजी निवडून व्हायच्या आत अख्ख्या मजल्याला पत्ता लागला होता.) "परिषदेत दुसऱ्या कुणाला तरी उभं करतो. तुम्ही प्रयोग पहिल्यापासून करा."

बाईंनी टाकीभोवती जाड पडदा लावून घेतला. आत फक्त चित्रं, वर कॅमेरा. नवीन उंदीर आणले, आणि बाई पडद्याबाहेर पडद्यावरचं, म्हणजे टीव्हीवरचं बघत बसल्या. सगळं पुन्हा: झोपवा, जागवा, शिकवा, पोहवा.

शेवटच्या परीक्षेला झोप झालेला एक लठ्ठ उंदीर पाण्यात पडला. थांबला, मिशा हलवल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बाहेर बाई टीव्हीला नाक लावून बसलेल्या. मग तो चांदणीच्या चित्राकडे तोंड करून सावकाश निघाला आणि चौथऱ्यावर जाऊन बसला. जागलेलेही पोचले, पण जरा जास्त भटकून. फरक पहिल्या खेपेच्या निम्माही नव्हता, पण होता, आणि अस्सल होता.

बाई पडदा सारून धावल्या, त्याला उचललं आणि टॉवेलने खसाखसा पुसलं. मोठे सर दारात उभे होते.

"पुढच्या परिषदेला?" त्यांनी विचारलं.

"आधी याला कोरडा होऊ द्या, सर."