सुन्याचं फ्रीज आन् दत्तूकाकांचा दम

आमच्या भोकरदनच्या भजनी मंडळात गाणं कमी आन् किस्से जास्त! त्यात सुन्यानं कॉम्प्युटर आणला, मंग तर विचारूच नका.

सुन्या म्हणजे आमच्या दत्तूकाकांचा पोरगा. काकांची पिठाची गिरणी, आन् मंडळात पहिला सूर त्यांचाच. पण पिठानं छाती धरली. लांब सूर लावला की दम तुटायचा, चारचौघांत खोकला यायचा. काका म्हणले, "एवढी नवरात्र गातो, मंग बास." सुन्यालाही बजावलं, "तुझं ते खेळणं पण बंद. गिरणीवर बसायचं, बिलकुल!"

* * *

खेळणं म्हणजे काय, तर पडद्यावर चौकोन काढायचे आन् रेघांनी जोडायचे. माईकमधला आवाज त्यात शिरला की चार सेकंदांनी स्पीकरमधून बाहेर. 'पॉज' दाबलं की आवाज आत जिथल्या तिथं गप्प. 'फ्रीज' दाबलं की नवा आवाज आत न्हाई, आतलाच गोल फिरत राह्यचा.

एकदा चहाच्या टायमाला आमचे तबलजी, कापडवाले गुलाबशेठ, माईकसमोर बोलून गेले, "गुरुजी गायले की आमची म्हैस पान्हा चोरते!" ते बाहेर यायच्या आत सुन्यानं पॉज दाबलं. चहा झाला. मंडळात गाणारे आमचे शाळेतले गुरुजी येऊन बसले. सुन्यानं पॉज काढलं, आन् म्हैस बराबर स्पीकरमधून बाहेर!

गुरुजी म्हणले, "शेठ, म्हैस विका. मी काही गाणं सोडत न्हाई."

* * *

फ्रीजला आधी एक खोड होती. आवाज फिरून सांध्यावर आला की 'टक्' वाजायचं. गुलाबशेठनी त्यावरच ठेका धरला! "राहू द्या हो, तुमच्या झांजवाल्यापेक्षा लयीत आहे!"

झांजा मी वाजवतो. सुन्यानं लई खटपट करून तो सांधा बुजवला, तेव्हा मला बरं वाटलं.

* * *

एकदा सुन्यानं गुरुजींचा सूर फ्रीज करून ठेवला आन् लाईट गेली. परत आली तर आत काहीच न्हाई.

"धरून ठेवला होता ना रे?"

"लाईट होती तवर धरला, गुरुजी."

"आयुष्यात एकच चांगला लागला होता माझा, तो पण गेला!"

* * *

नवरात्रातला शेवटचा कार्यक्रम पिंपळगाव रेणुकाईला. गर्दी अशी की पाय ठेवायला जागा न्हाई. काकांनी शेवटचा सूर लावला, चढवला. मी शेजारीच. त्यांची मान ताठ, डोळे मोठे झालेले. आता खोकला येणार!

तेवढ्यात सुन्यानं फ्रीज दाबलं. काकांचं तोंड मिटलं, सूर चालूच!

काकांनी एकदा पोराकडं पाह्यलं. मंग माईकवर मान खाली घालून निवांत श्वास घेतला. समोरून कुणीतरी ओरडलं, "काय छाती हाय राव!" काकांनी मान हलवली, सुन्यानं फ्रीज सोडलं, आन् काका त्याच सुरात परत शिरले. सगळं पटांगण उठून उभं!

वायरी गुंडाळता गुंडाळता सुन्या बापाला म्हणला, "दादा, झाली नवरात्र. उद्यापासून गिरणीवर येतो."

काका उपरण्यानं तोंड पुसून राह्यले होते.

"उद्या ये. परवा नको. परवा टेंभुर्णीचा कार्यक्रम घेतलाय मी. दम कोण धरणार माझा?"