पार्किन्सन आणि बाबांचा उजवा हात
बाबांचा लोकरी कोट ट्रंकेतून काढला, की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर त्यांचा खिशात लपवलेला उजवा हात आठवतो. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते दिल्लीत आमच्याकडे राहत. हात थरथरू लागला, तेव्हा कॉलनीतल्या निवृत्त मराठी मंडळींनी तो फौजी कॅन्टीनच्या रमचा प्रताप ठरवला. बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. त्यांच्या महिन्याच्या कोट्यातली बाटली हीच मंडळी नेत. खुलासा करणं बाबांना कमीपणाचं वाटलं, म्हणून ही मंडळी संध्याकाळी चहाला जमायची त्या बागेत जाणंच त्यांनी सोडलं. शेवटी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबूजी, पार्किन्सन है." "ये कौन?" "डॉक्टर थे. ये बीमारी सबसे पहले उन्होंने ठीक से लिखी, इसलिए उनका नाम." "पीने से होती है?" "बिल्कुल नहीं. पर पूरी ठीक भी नहीं होती." संध्याकाळी बाबा बागेत गेले, सगळ्यांसमोर चहाचा कप उचलला, अर्धा सांडला आणि म्हणाले, "पार्किन्सन. डॉक्टरचं नाव आहे, दारूचं नाही." एकजण ओशाळून म्हणाला, "सुभेदारसाहेब, आम्हाला कधी खरं वाटलंच नव्हतं हो." "मग तेव्हा बोलायचं की!" बाबा म्हणाले आणि उरलेला चहा प्यायले. न बरा होणारा आजार घेऊन आलेला माणूस इतका मोकळा कसा, ते तेव्हा मला कळलं नाही. आता कळतं: आजारापेक्षा तो आळ जड होता.