कमानीतले हात

भुताखेतांवर आमच्या घरी फक्त विनोद व्हायचे. मी शाळेत गणित शिकवायचे, नवरा अंतोन सरकारी ऑफिसात. आम्ही वसईजवळच्या पापडीचे, वाडीवाले – केळी आणि पानवेली कळतात, समुद्र नाही. त्यामुळे हे वाचून कोणी हसलं तर माझी हरकत नाही. मीही हसले असते.

सत्तरच्या दशकाचा शेवट, नाताळ नुकताच झाला होता. अर्नाळ्यासमोरच्या बेटावर, किल्ल्याच्या मागच्या अंगाला तेव्हा खडकाची एक कमान होती. समुद्रानेच कोरलेली, एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढी. पलीकडे वाळूची इवलीशी पुळण, तिन्ही बाजूंनी कातळ. यायची-जायची वाट एकच, कमानीतून.

अंतोनला ती बघायची होती. त्याच्या कोळी मित्राने सांगितलेलं, "अष्टमीला जा. दुपारी पानी पार तळाला असतं." आता आमच्या भिंतीवर चर्चचं कॅलेंडर! त्यात रोज एक संत, पण तिथी औषधालाही नाही. अंतोनने अंदाजे रविवार ठरवला. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, आमच्या दहा महिन्यांच्या लेकीला, फिलूला घेऊन आम्ही होडीत बसलो. होडीवाल्याला वाटलं, किल्ला बघायला आलेत.

कमानीत पाणी घोट्याएवढं होतं. दुपारपर्यंत आणखी उतरेल या भरवशावर आम्ही पलीकडे चादर पसरली, पावात बटाट्याची भाजी घालून खाल्ली. पाणी उतरत नव्हतं, चढत होतं. हे आम्हाला कळलं तेव्हा चादरीचं टोक भिजलं होतं... ती अष्टमी नव्हतीच. पौर्णिमा होती, उधाणाची भरती.

"माझ्या मागे ये," म्हणत अंतोन आधी शिरला. मी फिलूला डोक्याशी धरून मागे. पाणी छातीला लागलं होतं. मध्यावर एक लाट आली आणि मला काही दिसेना. पाय सुटत होते. पोर जाणार, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात पुढून दोन हात आले. मी तिला त्या हातांत दिली.

"घेतलंस ना रे?" मी ओरडले.

"काय घेतलं? मी मागे आहे! लाटेने तुला घासत मागे फेकलं मला!"

हे त्याचं उत्तर माझ्या पाठीमागून आलं.

पुढचं अंतर कसं कापलं, आठवत नाही. बाहेर आलो तर उंच खडकाच्या खळग्यात फिलू अंगठा चोखत बसलेली. फ्रॉकचा काठसुद्धा कोरडा. आसपास चिटपाखरू नाही.

बऱ्याच अंतरावर एक म्हातारी मासळी वाळत घालत होती. तिला विचारलं.

"सकालपासना हितं कोन नाय आलं, बाय," ती म्हणाली. "उधानाच्या पान्यात कोन मरायला जाईल?"

अंतोनचं म्हणणं, कोणीतरी कोळीण असेल, मुलीला ठेवून निघून गेली असेल. असेल. पण तिथून जायला सगळा उघडा खडक, आणि आम्हाला बाहेर यायला फार वेळ लागला नव्हता. शिवाय एक गोष्ट मी त्याला खूप उशिरा सांगितली. तो फिलूला नेहमी तिच्या काखांत हात घालून उचलायचा. त्या हातांनी एक तळवा मानेखाली घातला, एक बुडाखाली. बरीच पोरं वाढवलेल्या बाईचे हात होते ते... आणि थंडगार होते.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आभाराची मिस्सा सांगायला पाठवलं. फादरनी विचारलं, "कोणासाठी?" नाव आम्हालाच ठाऊक नव्हतं. जिवंत माणसासाठी की मेलेल्यासाठी, एवढं तरी सांगा म्हणाले, दोन्हींची यादी वेगळी वाचावी लागते. तेही सांगता येईना. घरी परत येऊन सासूबाईंना विचारलं.

"नाव कशाला पायजे?" त्या म्हणाल्या. "जिनं घेतली तिच्यासाठी, असं सांग."

रविवारी फादरनी वेदीवरून तसंच वाचलं – जिने मूल घेतलं तिच्यासाठी. तोवर मी रडले नव्हते, तेव्हा रडले. पुढे कमान एका पावसाळ्यात कोसळली. खुलासा मला आजही देता येत नाही. मिस्सा मात्र दर वर्षी सांगते. यंदा फादर नवे आहेत, त्यांनीही विचारलं, जिवंत की मृत? मी म्हटलं, फादर, तुम्ही दोन्हीकडे वाचा.