दादाचा आवाज आणि माइकचं किट

दादाच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी सरळच सांगितलं, जीव वाचेल पण स्वरयंत्र काढावं लागेल. मेल्या बिडीनं घात केला. वहिनी दवाखान्याच्या पायरीवर सुन्न बसून राहिली. मी त्याची धाकटी बहीण. अकोल्याला परतताना बसमध्ये चडफडत ठरवलं, दादाचा आवाज जायच्या आत आपण धरून ठेवायचा.

नुसत्या फोनवर घेतला तर तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. चांगल्या तयार माइकची किंमत पाहून डोळे पांढरे झाले. मग घरी जोडायचं किट मागवलं, चार जणांच्या गिल्या वड्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याच्या, खर्चात आलं. आयटीआयमध्ये शिकलेलं सोल्डरिंग हातात होतंच. पण माल पाहिला आणि डोकंच फिरलं! केसासारख्या तारा, आणि प्लास्टिकचं कवच बोटानं दाबलं की वाकायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी अमरावतीला दादाच्या घरी त्याच्यासमोर तो माइक ठेवला, कानाला हेडफोन लावले. ऐकते तर काय, नुसती घरघर! त्याचा बसलेला आवाज तिच्यात पार बुडून गेला. मी सगळे सोल्डर वितळवून पुन्हा लावले, तार बदलली. घरघर तशीच.

"महंगा रोये एक बार, सस्ता रोये बार बार," दादा म्हणाला.

"तू गप रे!" मी खेकसले आणि मलाच रडू फुटलं. उद्यापासून तो गपच राहणार होता.

"काहून रडून राहिली वं?" म्हणत तो उठला आणि पाणी टाकायला त्यानं कूलर बंद केला. माझ्या कानातली घरघर त्याच क्षणी थांबली. होळी झाली की आमच्याकडे कूलर सुरू होतो तो पावसापर्यंत चालतो. त्याचा आवाज इतका अंगवळणी पडतो की आम्हाला ऐकूच येत नाही. किट बिचारं चांगलं होतं, दादाचा श्वाससुद्धा पकडत होतं.

"लावू नको कूलर! बोल, दादा. काहीही बोल."

घामाघूम होऊन त्यानं कपाळ पुसलं. मग सवयीनं स्वयंपाकघराकडे तोंड करून वहिनीला म्हणाला, "अवं, आयकलं काय? पाणी आण जरा. हे पोरगी पागल झाली."

पुढे खोकल्याची जी उबळ आली, ती त्याला बोलू देईना. एवढंच हाती लागलं. मला फार वाईट वाटलं. लहानपणच्या गोष्टी, नातवंडांना आशीर्वाद, किती काय काय बोलवून घ्यायचं होतं!

ऑपरेशननंतर तो घरी आला, पाणी प्यायची परवानगी मिळाली, तेव्हा मी तिथेच होते. दादानं फोन हातात घेऊन मी त्यात टाकून दिलेल्या रेकॉर्डिंगवर बोट दाबलं. "अवं, आयकलं काय? पाणी आण जरा."

"आली, आली!" वहिनी ग्लास घेऊन धावतच बाहेर आली. त्याचं मिटलेलं तोंड पाहिलं आणि उभीच राहिली. मग ग्लास त्याच्या हातात देऊन, पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अजून एकडाव लावा ना जी."